सातव्या नंबरची वाट

सोमवार, १ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. चारच. गेल्या वर्षी अकरा होते, ते अंगाशी आले.

एक, 'हॅझलबीच्या बारा पायवाटा' हे माझं पुस्तक ईस्टरपर्यंत छापून तयार. दोन, चहाबरोबर एकच बिस्किट. तीन, शेजारच्या ट्रेव्हरशी वाद घालायचा नाही. चार, बायकोला, डोरीनला, ईस्टरला घरी आणायचं. त्याआधी जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवायचा.

पुस्तक तसं होतच आलंय. मुखपृष्ठ ठरलं, प्रस्तावना लिहून झाली, 'लेखकाविषयी' दोन पानं झाली. वाटांचं वर्णन तेवढं राहिलंय.

दहाला निघालो. सातव्या नंबरची वाट. चर्चमागचं फिरतं फाटक, मग हॅलमची दोन कुरणं, ओढ्यावरची फळी, थोडा चढ, की समोर लार्चफील्ड. पस्तीस मिनिटं. चढावर तीनदा थांबलो ते निसर्ग बघायला, गुडघ्याचा काही संबंध नाही. डोरीन नेहमीसारखी वरच्या खिडकीत. मी कुरणाच्या टोकाला दिसलो की हात हलवते. आज दोन्ही हात हलवले. सुधारणा स्पष्ट आहे.

गुरुवार, ११ जानेवारी

लीड्सहून अ‍ॅलिसनचा फोन. मुलगी गुणी आहे, पण आईवर गेलेली नाही. म्हणते, "डॅड, घर विक आणि माझ्याजवळ ये. आई आता त्या वृद्धांच्या होममधून परत यायची नाही." लार्चफील्डला ती 'होम' म्हणते. मी म्हणत नाही. डोरीन पडली, डोक्याला मार बसला, तेव्हापासून थोडं विसरायला होतं, म्हणून विश्रांतीसाठी तिथे ठेवलंय. इतकी साधी गोष्ट आहे.

गाडीची किल्ली परत मागितली. नाही म्हणाली. नोव्हेंबरात मी म्हणे बसथांब्याला धडकलो. थांबा रस्त्याला फार चिकटून आहे हे मी गावच्या कौन्सिलला १९९८ पासून लेखी कळवतोय. आणि गाडी हवी कशाला? सातवी वाट आहे की.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चर्चमागच्या फाटकाला कुलूप! वर पाटी: 'खाजगी जागा. येथून वाट नाही.'

म्हातारा अर्नेस्ट हॅलम गेल्या हिवाळ्यात वारला. शेत त्या टॅमसिन ऑर्म नावाच्या बाईने घेतलंय. कोणाचा तरी कुत्रा गाभण मेंढ्यांच्या मागे लागला, दोन मेंढ्या मेल्या, म्हणून कुलूप. मेंढ्यांचं वाईट वाटलं. पण वाट म्हणजे वाट.

पाऊण तास फाटकाशी उभा राहिलो, निषेध म्हणून. डांबरी रस्त्याने लार्चफील्ड चार मैल, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही आणि ट्रक अंगावर येतात. नशीब, आज मंगळवार. बस मंगळवारी आणि शुक्रवारी असते. दीडला पोचलो. डोरीन खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी मागून, दारातून आलो तर दचकली. म्हणाली, "कुठून आलास?" म्हटलं, "शेतातून." तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "स्वच्छ आहेत," म्हणाली.

बघा. या बाईची बुद्धी गेली म्हणतात लोक.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

काल पुस्तकाचं काम नाही, बिस्किटं पाच. रागाच्या भरात.

आज कामाला लागलो. बावीस वर्षं मी हॅझलबी कौन्सिलचा पायवाट सचिव आहे. त्याआधी चौतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले. कागद काय असतो हे मला कोणी शिकवू नये. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नकाशात गावच्या अकराच वाटा आहेत, सातवी नाही. म्हणजे नकाशा चुकलाय. पण आपल्या देशाचा कायदा किती सुंदर आहे बघा: लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, कोणाला न विचारता चालले, तर ती वाट लोकांची होते, कायमची. मालकाने डोकं आपटलं तरी. फक्त पुरावा द्यायचा. आणि पुरावा म्हणजे आपला हातखंडा.

जूनपर्यंत निकाल लागेल असा माझा अंदाज आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

फाटकाशी टॅमसिन ऑर्म भेटली. चिखलात माखलेली, कडेवर कोकरू. चाळिशीची असेल. म्हणाली, "मिस्टर पिकरिंग ना? तुमच्या मिसेस पलीकडे लार्चफील्डला असतात, हे आत्ता कळलं मला. अहो, आधी सांगायचंत! ही घ्या किल्ली. फक्त मागे कुलूप लावत जा, म्हणजे मेंढ्या सुटणार नाहीत."

मी हात मागे घेतला. तिला शांतपणे समजावलं की मी किल्ली घेतली तर ती परवानगी होईल. परवानगी घेऊन चाललं की हक्क संपतो. मी पायवाट सचिव आहे, मीच असं केलं तर उद्या गावाने काय करायचं? हक्क मागून घ्यायचा नसतो.

तिने कोकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "बरं बाई," म्हणाली. "तुमचं तुम्हाला माहीत. किल्ली माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असेल. मागा, मिळेल."

शब्द कसे टाकले बघा. 'मागा.' मी सापळा ओळखला.

मग बस. स्टॉपवर उतरल्यावर लार्चफील्डच्या फुलांच्या वाफ्यात दोन्ही बूट नीट बुडवले. डोरीनने बुटांकडे पाहिलं आणि हसली. तिथे काम करणारी रुडो मात्र हसली नाही. गालिचा तिला धुवावा लागतो.

शनिवार, २ मार्च

पुराव्याचे छापील फॉर्म आले. घरोघर फिरलो. वीस वर्षं सातव्या वाटेने चाललेले साक्षीदार हवेत. ट्रेव्हर म्हणाला, "चाललोय की रे. पण सहीनिशी? माझी बायको सगळ्या गावाला सांगत असते की वीस वर्षांत हा पबच्या पुढे गेलाच नाही. कोणाचं खरं धरतील?" संकल्प क्रमांक तीन मोडला. दोन तास.

एकूण सहा फॉर्म भरून झाले. त्यातले दोघे नव्वदीचे आहेत, एकाने सही चुकून माझ्या नावाची केली. तरी सुरुवात चांगली आहे.

खरी साक्षीदार डोरीनच. ती लग्न होऊन हॅझलबीला आली तेव्हापासून त्या वाटेने जायची. मी बहुतेक वेळा नकाशा घेऊन घरी असायचो. नकाशाही लागतोच.

सोमवार, १८ मार्च

सापडला! रामबाण पुरावा!

माळ्यावरच्या खोक्यात बावीस पत्रांच्या कार्बन कॉपी. सचिव झाल्यापासून दर डिसेंबरात मी अर्नेस्ट हॅलमला पत्र लिहायचो. 'गावकऱ्यांना आपल्या कुरणातून जाऊ देता, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पुढील वर्षीही आपली परवानगी असावी, ही नम्र विनंती.' सोबत डोरीनच्या हातच्या मार्मलेडची बरणी. कोणाच्या जमिनीवरून जायचं आणि आभारही मानायचे नाहीत, इतकी वाईट वेळ आपल्यावर आलेली नाही.

डोरीन दर वर्षी हसायची. "अरे वाट आहे ती, नॉर्मन. लोक चालतात. त्याला काय विचारायचं?" हॅलमही एकदा कुंपणावरून ओरडला होता: "पत्रं लिहिणं बंद कर की लेका! बरणी तेवढी पाठव!" दोघांनाही रीत म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

आणि आज तीच रीत कामाला आली. बावीस वर्षं वाट वापरात होती, तारखेनिशी, सहीनिशी सिद्ध. फाइल करून निळी फीत बांधली. इतकी देखणी फाइल मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर

ईस्टर यंदा फारच लवकर आला. कोणालाच काही उरकायला वेळ मिळाला नाही. पुस्तक आणि डोरीन, दोन्ही ऑगस्टअखेरच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकललं. जिन्याच्या कठड्याचं लाकूड आणलंय, पॅसेजमध्ये आहे. दोनदा अडखळलो.

आज बस नाही. एकट्यापुरतं कोकराचं मटण भाजणं जमत नाही. टोस्ट खाल्ला.

शुक्रवार, १९ एप्रिल

रुडोने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "मिस्टर पिकरिंग, ती रोज दहाला खिडकीत बसते. बुधवारी, रविवारी, रोज. जेवायला उठवलं तर उठत नाही. म्हणते, नॉर्मन कुरणात असेल. त्या शेतवाल्या बाई अंडी द्यायला येतात, त्या सांगत होत्या किल्ली तुमच्यासाठी ठेवलीये म्हणून. घ्या ना हो."

मी तिला म्हटलं, तू झिंबाब्वेची, तुला इथल्या कायद्यातल्या खाचाखोचा कळायच्या नाहीत. ती म्हणाली, "नसतील कळत. पण आमच्याकडे नवऱ्याला बायकोपर्यंत जायला कोणी अडवत नाही. आणि तुम्हाला तरी कोण अडवतंय?"

भावनेच्या भरात लोकांना दूरचं दिसत नाही. मी आज किल्ली घेतली तर माझाच अर्ज खोटा ठरेल. थोडे महिने कळ काढायची, मग जन्मभराची वाट. माझी, डोरीनची, सगळ्यांची. हे मी डोरीनलाही समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग उद्या येशील ना?" उद्या शनिवार, बस नाही. म्हटलं, येईन.

शनिवार, २० एप्रिल. सकाळी ९.५५

फाटकापर्यंत गेलो. पाटी अजून आहे. परत आलो.

बुधवार, २२ मे

काउंटीचा अधिकारी येऊन गेला. पार्जिटर. तरुण आहे, पण सभ्य. मी त्याला चहा दिला, नकाशे दाखवले, मग शेवटी, अगदी शेवटी, ती निळ्या फितीची फाइल ठेवली.

त्याने पत्रं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझ्या अक्षराची छाप पडली असावी. विचारलं, "ही सगळी पत्रं तुम्हीच लिहिलीत?" म्हटलं, एकूण एक. "कौन्सिलच्या वतीने?" म्हटलं, सचिव या नात्याने. तो म्हणाला, "अरेरे." बहुधा हॅलम वारल्याबद्दल.

विचारत होता, ही पत्रं जोडायचीच आहेत का? नीट विचार करा. मी म्हटलं, तरुण माणसा, चौतीस वर्षांत मी एकही कागद लपवलेला नाही. त्याने चहा संपवला नाही. घाईत असतात बिचारे.

मंगळवार, २ जुलै

शुक्रवारची बस बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. मी काय आहे मग? तक्रारीचं पत्र लिहिलं. आता फक्त मंगळवार.

आज डोरीनने हाक मारली नाही. चष्मा बदलायला हवा तिचा, रुडोला तसं सांगितलं. रुडो म्हणाली, चष्मा ठीक आहे.

पुस्तकातलं सातव्या वाटेचं वर्णन लिहायला घेतलं. 'फाटकातून आत शिरल्यावर...' पुढे सुचेना. कुरणात डाव्या हाताला झाड कुठलं आहे? ओक की अ‍ॅश? पाच वर्षं रोज गेलोय. डोरीनला विचारायला हवं. ती या असल्या गोष्टी बघत चालायची.

रविवार, ४ ऑगस्ट

अ‍ॅलिसन आली होती. आईला भेटून मग इकडे. कोट न काढताच बोलायला लागली. "डॅड, ती मला म्हणाली, नॉर्मनचं माझ्याशी काही बिनसलंय का? सहा महिने हेच घोळतंय तिच्या मनात. एक किल्ली मागून आणायची. कुलूप उघडायचं. बस्स."

मी तत्त्वाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "तत्त्व गेलं खड्ड्यात." माझ्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. मग ती रडली. मी चहा केला. काय करायचं असतं अशा वेळी, ते डोरीनला कळायचं. मी कपाच्या खाली बशी ठेवली आणि उभा राहिलो.

जाताना म्हणाली, निदान मी तुला गाडीतून नेते, चल. म्हटलं, मंगळवार आहेच की परवा. का म्हटलं असं, कळत नाही. जायला हवं होतं.

सोमवार, २६ ऑगस्ट. सुट्टी

पुस्तक नाताळपर्यंत.

डोरीनबद्दल डॉक्टरांशी बोलणार होतो, पण त्यांचीही सुट्टी.

मंगळवार, २४ सप्टेंबर. दुपारी ४

काउंटीचं पत्र आलं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा पाकीट उघडायला नको.

'सदर वाटेचा वीस वर्षांहून अधिक काळ वापर झाला, हे मान्य करण्यास हरकत नाही. तथापि हा वापर मालकाची दर वर्षी परवानगी मागून व त्याबद्दल आभार मानून झाला असल्याचे अर्जदाराने स्वतः जोडलेल्या बावीस पत्रांवरून निर्विवाद सिद्ध होते. सबब सार्वजनिक हक्क निर्माण झालेला नाही. अर्ज मागे घ्यावा, असे सुचवण्यात येत आहे.'

खाली पार्जिटरने पेनाने लिहिलंय: 'मनापासून वाईट वाटतं. पत्रं फार सुंदर आहेत.'

ट्रेव्हरला दाखवलं. वाटलं, आता हा वर्षभर पबमध्ये सांगत सुटणार. त्याने वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "चल, एक पाइंट घेऊ," एवढंच म्हणाला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे वाट होती. ती होतीच. आम्ही नुसते चाललो असतो तर ती आज सगळ्यांची असती. मी दर डिसेंबरात, चांगल्या कागदावर, ती एकेक वर्ष करून परत केली. बायको सांगत होती, शेतकरी सांगत होता. आणि जी परवानगी घ्यायची नाही म्हणून मी फेब्रुवारीपासून फाटकाबाहेर उभा राहिलो, ती मी बावीस वेळा घेतलेली होती. हे तर क्लेम खात्यातल्या पहिल्या महिन्याच्या पोराला दिसलं असतं. मी असे शेकड्याने फेटाळलेत.

आज मंगळवार होता. पत्राच्या नादात बस चुकली.

बुधवार, २५ सप्टेंबर

टॅमसिन ऑर्मकडे गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, तीन वाक्यं. पहिल्याला अडकलो. तिने पुढचं बोलूच दिलं नाही. खिळ्यावरून किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली, हातावर हात ठेवला. "किती दिवस झाले हो," म्हणाली. "मी रोज बघायची."

आभाराचं पत्र पाठवतो म्हणालो. ती म्हणाली, "मिस्टर पिकरिंग, प्लीज, नको."

गुरुवार, २६ सप्टेंबर

ओक आहे.

पन्नास मिनिटं लागली. थांबलो ते गुडघ्यामुळे. कुरणाच्या टोकाला पोचलो, तर डोरीन खिडकीत. एक हात हलवला, मग दोन्ही, मग टोपी काढून हलवली. तिने काचेला नाक लावून नीट पाहिलं आणि मान मागे वळवून कोणाला तरी काहीतरी सांगितलं. मला इतका आनंद झाला की फळीवरून पाय घसरला असता.

तिने काय सांगितलं ते रुडोकडून वर गेल्यावर कळलं. कोणी परका म्हातारा कुरणात शिरलाय, हॅलमला निरोप द्या, म्हणाली होती.

तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायला गेलो. तिने खुर्चीवर हात ठेवला. "ही माझ्या नवऱ्यासाठी आहे," म्हणाली. "शेतातून येतो तो. येईलच आता." आवाज अगदी तिचाच, बाहेरच्या माणसाशी बोलायचा. मी नॉर्मन आहे म्हणालो. ती म्हणाली, "हो का? त्याचंही नाव तेच."

रुडो पुढे झाली, पण मी तिला थांबवलं. विचारलं, "ते येईपर्यंत बसलो तर चालेल का?" डोरीनने थोडा विचार केला. "बसा," म्हणाली. "पण तो आला की उठायचं हं."

गुरुवार, १० ऑक्टोबर

रोज जातो. रोज विचारतो. रोज बसू देते.

पायवाट सचिवपदाचा राजीनामा कौन्सिलला दिला. पुस्तकाचं बघू. झाडं कुठली ते आता मी लिहून ठेवतोय, पण ते तिला सांगायला. तिला आवडतं. काल म्हणाली, तुम्ही शेतातून येता वाटतं, तिथे माझा नवरा दिसला का? म्हटलं, नाही दिसला.

आज तिने आपणहून त्याचा विषय काढला. हल्ली येत नाही म्हणाली, कौन्सिलचं फार मोठं काम त्याच्याकडे आहे, त्यात अडकलाय. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, माणूस मूर्ख दिसतो. इतके महिने बायकोला ताटकळत ठेवतो म्हणजे काय?

तिचा चेहरा लाल झाला. "त्याला काही बोलायचं नाही," म्हणाली. "तुम्हाला काय माहीत तो कसा आहे? उठा त्या खुर्चीतून."

उठलो. भिंतीशी उभा राहिलो, बराच वेळ. खाली घंटा झाली, सगळे जेवायला गेले, ती हलेना, मीही हललो नाही. शेवटी माफी मागितली. चुकलो म्हटलं. तेव्हा कुठे पुन्हा बसू दिलं.